गंगेवरील जहाजसफरीला जोडून चार दिवस : मुक्काम काशीत की अन्यत्र?

वाराणसी : गंगेवरील अनेक दिवसांच्या जहाजसफरीचे आरक्षण झाले की घरोघरी पुढचा प्रश्न उपस्थित होतो. रजा शिल्लक आहे, एवढ्या लांबच्या प्रवासाचा खर्च होणारच आहे, तर सफरीच्या आधी किंवा नंतर आणखी दोन-चार दिवस कोठे काढावेत? कोणी अयोध्येचे नाव काढतो, कोणी प्रयागराजचे. कोणाला कोलकाता पाहायचे असते, तर घरातील वडीलधाऱ्यांना काशीतच चार दिवस निवांत राहण्याची इच्छा असते. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर सफरीची दिशा, नदीची पातळी, उत्तर भारतातील धुके आणि परतीच्या गाड्यांची सोय यांवर बव्हंशी अवलंबून असते. या चार गोष्टी एकत्र पाहिल्या, तर बहुतेक मराठी कुटुंबांसाठी वाढीव दिवसांचा मोठा वाटा काशीला देणे का हितकारक ठरते, हे स्पष्ट होते. कोणत्या परिस्थितीत तसे करू नये, हेही त्यातूनच कळते.

‘क्रूझ’ या शब्दाचे दोन अर्थ

वाराणसीत ‘क्रूझ’ हा शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. पहिला अर्थ घाटदर्शनाचा. वातानुकूलित मोठ्या नौकेतून घाटांसमोरून एक-दोन तासांचा फेरफटका मारायचा, गंगा आरती पाण्यावरून पाहायची आणि परत यायचे. अशा फेरीचे तिकीट शहरात आल्यावर किंवा एक-दोन दिवस आधी काढता येते. तिच्यासाठी प्रवासाची वेगळी आखणी करावी लागत नाही.

दुसरा अर्थ जहाजावरच राहण्याजेवण्याची सोय असलेल्या अनेक दिवसांच्या नदीसफरीचा. ‘एम. व्ही. गंगा विलास’ या जहाजामुळे ही कल्पना देशभर पोहोचली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १३ जानेवारी २०२३ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे या जहाजाला वाराणसीहून रवाना केले. ६२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असलेल्या या तीन मजली जहाजात १८ कक्ष असून ३६ प्रवाशांची सोय आहे. पहिल्या सफरीत स्वित्झर्लंडचे ३२ पर्यटक होते. पाटणा, कोलकाता, ढाका आणि गुवाहाटीमार्गे ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर अंतर कापून २८ फेब्रुवारी रोजी जहाज आसाममधील दिब्रुगडला पोहोचले. संपूर्ण सफर फार थोड्यांना परवडणारी असली, तरी वाराणसी आणि कोलकाता यांदरम्यानच्या किंवा त्यातील काही टप्प्यांच्या लहान सफरींचाही पर्याय असतो. वाढीव दिवसांचा प्रश्न खऱ्या अर्थाने या दुसऱ्या प्रकारच्या सफरीसाठी महत्त्वाचा आहे, कारण येथे जहाज चुकले तर पुढची फेरी तासाभराने नसते.

वेळापत्रक छापील, नदी मात्र जिवंत

हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटरचा जलमार्ग १९८६ मध्ये ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १’ म्हणून घोषित झाला. त्याच वर्षी भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची स्थापना झाली. नदीच्या मुखाकडून वर जावे तसतशी या मार्गाची उपलब्ध खोली कमी होत जाते. जलमार्ग विकास प्रकल्पाने हल्दिया ते बिहारमधील बाढपर्यंत ३ मीटर, बाढ ते गाझीपूर २.५ मीटर आणि गाझीपूर ते वाराणसी २.२ मीटर खोली राखण्याचे उद्दिष्ट ठेवले, यावरून हा उतार समजतो. उन्हाळ्याकडे पाणी ओसरते, गाळाचे दांडे वर येतात आणि जहाजाचा रस्ता दरवर्षी थोडा सरकतो. प्राधिकरणाला पाण्याची खोली मोजून, गाळ उपसून आणि खुणेचे तरंगते पिंप टाकून हा रस्ता सतत आखून द्यावा लागतो.

याची चुणूक ‘गंगा विलास’च्या पहिल्याच सफरीत दिसली. बिहारमध्ये छपऱ्याजवळ डोरीगंज येथे, पाणी कमी असल्याने जहाज अडकल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. प्राधिकरणाने त्यांचा इन्कार केला. जहाज काठाला लावण्याऐवजी मुख्य प्रवाहात नांगरून पर्यटकांना लहान नौकांनी चिरांद या पुरातत्त्वीय स्थळी नेण्यात आले आणि जहाज ठरल्याप्रमाणे पाटण्याला पोहोचले, असे सांगण्यात आले. प्रवाशाच्या दृष्टीने यातून एकच बोध घ्यावयाचा. नदीवर जहाज प्रत्येक वेळी धक्क्याला लागेलच असे नाही आणि ठरलेला उतरण्याचा काठही बदलू शकतो.

हा केवळ गंगेचा स्वभाव नव्हे. २०१८ आणि २०२२ मध्ये युरोपातील ऱ्हाईन नदीचे पाणी इतके आटले होते, की मालवाहतुकीसह पर्यटक जहाजांनाही फटका बसला. अशा वेळी प्रवाशांना काही टप्पे बसने पार करावे लागतात. समुद्रावर पाण्याची अडचण नसली तरी बंदराचा घोळ असतोच. ‘रोमहून सुटणारी’ म्हणून विकली जाणारी सफर वस्तुतः रोमपासून ७० किलोमीटरहून अधिक अंतरावरील चिव्हिताव्हेक्कियाहून सुटते. व्हेनिसमध्ये तर ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरील कालव्यात प्रवेशच बंद झाला. जाहिरातीतील शहर आणि प्रत्यक्ष धक्का यांत अंतर असू शकते, हे वाराणसीतही लक्षात ठेवावयाचे आहे. येथे रविदास घाट नदीच्या शहराकडील काठावर आहे, तर १२ नोव्हेंबर २०१८ रोजी उद्घाटन झालेले बहुविध वाहतूक टर्मिनल पलीकडे रामनगरच्या बाजूस आहे. या दोन ठिकाणांमध्ये नदी आणि शहराची वाहतूक आडवी येते.

राखीव दिवस आणि मुक्कामाचे दिवस

वाढीव दिवसांचा हिशेब करताना दोन प्रकारचे दिवस वेगळे मोजावेत. पहिला प्रकार राखीव दिवसांचा. हा दिवस काही पाहण्यासाठी नसतो. गाडी किंवा विमान उशिरा आले तरी जहाज चुकू नये, एवढ्यासाठीच तो ठेवावयाचा असतो. दुसरा प्रकार मुक्कामाच्या दिवसांचा. हे दिवस शहरासाठी असतात. पुष्कळ कुटुंबे या दोहोंची सरमिसळ करतात आणि राखीव दिवसावरच दर्शन, सारनाथ आणि खरेदी असा भरगच्च कार्यक्रम आखून ठेवतात. मग गाडीला आठ तास उशीर झाला की दर्शनही हुकते आणि विश्रांतीही.

मुंबई किंवा पुण्याहून वाराणसीचे अंतर रेल्वेने सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. महानगरी, कामायनी यांसारख्या गाड्यांना एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते. या काळात रेल्वे दरवर्षी काही गाड्या रद्द करते किंवा त्यांच्या फेऱ्या कमी करते, शिवाय धावणाऱ्या गाड्यांना तासन्‌तास उशीर होतो. बाबतपूर येथील लालबहादूर शास्त्री विमानतळावरील सकाळच्या विमानांनाही धुक्याचा अडथळा होतो. नदीसफरींचा बहराचा हंगामही नेमका हाच असतो. म्हणून जहाज ज्या दिवशी सुटणार त्याच दिवशी सकाळी पोहोचण्याचा बेत हिवाळ्यात जुगारच ठरतो. आदल्या दिवशी पोहोचणे हे किमान आणि धुक्याच्या महिन्यात दोन दिवस आधी पोहोचणे शहाणपणाचे.

सफर संपल्यानंतरच्या बाजूस धोका निराळा असतो. जहाज उशिरा पोहोचले किंवा प्रवाशांना आधीच्या धक्क्यावर उतरवून बसने आणले, तर परतीची गाडी चुकू शकते. परंतु परतीचे तिकीट नव्याने काढता येते, चुकलेले जहाज मात्र परत मिळत नाही. यावरून पहिला नियम निघतो : राखीव दिवस नेहमी चढण्याच्या शहरात ठेवावा आणि उतरण्याच्या शहरात त्याच दिवसाचे परतीचे तिकीट काढू नये.

शहर निवडताना विचारावयाचे तीन प्रश्न

राखीव दिवस ठरल्यावर मुक्कामाच्या दिवसांसाठी शहर निवडावे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. जहाज आपल्याला आपणहून काय दाखवणार आहे? कोणते शहर धावतपळत पाहिले तर हातात काहीच राहत नाही? आणि तेथून घरी परतण्याचा रस्ता किती सरळ आहे?

पहिल्या प्रश्नावर अनेक शहरे गळतात. वाराणसी ते कोलकाता या मार्गावर गाझीपूर येथील लॉर्ड कॉर्नवॉलिस यांची कबर, बक्सर, पाटणा, मुंगेर, विक्रमशिलेचे अवशेष आणि मुर्शिदाबाद अशी ठिकाणे सफरींच्या कार्यक्रमात कमीअधिक प्रमाणात असतातच. फरक्क्याजवळ जहाज लॉकमधून, म्हणजे पाणी चढवून-उतरवून जहाज पुढे सोडणाऱ्या दरवाजांच्या कुंडीतून, जाते आणि कालव्याने भागीरथीत उतरते. पुढे हुगळीकाठचे चंदननगर, कालना येथील मंदिरे अशी स्थळे लागतात. जे जहाजावरून दिसणार आहे, त्यासाठी वेगळा मुक्काम राखणे म्हणजे एकाच गोष्टीला दोनदा पैसे मोजणे होय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे काशीच्या बाजूने लागते. सफरीच्या कार्यक्रमात वाराणसीला बहुधा एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळते. आरती, एक नौकाफेरी आणि फार तर सारनाथ एवढ्यावर भागवले जाते. काशी पहाटे आणि दिवेलागणीला उलगडणारी नगरी आहे. अस्सीपासून आदिकेशवापर्यंत सहा-सात किलोमीटरच्या चंद्रकोरीसारख्या काठावर ८४ घाट आहेत. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्याने सूर्य समोरच्या काठावर उगवतो आणि घाटांवर पहिली किरणे थेट पडतात. एका पहाटेला धुके असले तर समोरचा काठही दिसत नाही. दोन-तीन पहाटा हाताशी असतील, तर त्यातली एक तरी साधते.

तिसऱ्या प्रश्नावर कोलकात्याची बाजू बळकट आहे. हावड्याहून मुंबईसाठी गीतांजली एक्सप्रेस आणि मुंबई मेल, पुण्यासाठी आझाद हिंद एक्सप्रेस अशा थेट गाड्या आहेत. पहिल्या दोन गाड्या नागपूरमार्गे जात असल्याने विदर्भातील प्रवाशांना त्या विशेष सोयीच्या. विमानांची संख्याही वाराणसीपेक्षा कितीतरी अधिक आहे. म्हणूनच खाली उतरणाऱ्या सफरीच्या अखेरीस कोलकात्यात एक रात्र पुरेशी ठरते. त्या शहरासाठी खास ओढ असेल तरच दोन किंवा तीन.

प्रयागराज, अयोध्या, गया : जोड की ओढाताण?

मराठी कुटुंबांच्या मनात काशीबरोबर आणखी दोन नावे असतातच. प्रयाग, काशी आणि गया ही त्रिस्थळी यात्रा शतकानुशतके महाराष्ट्रातून होत आली. या यात्रेच्या विधिनियमांवरील ‘त्रिस्थलीसेतु’ हा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकात काशीत लिहिला गेला. त्याचे कर्ते नारायणभट्ट हे पैठणहून काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील. १६७४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे त्यांचे पणतू. तीन क्षेत्रांपैकी प्रत्येकाचे विधी वेगळे, त्यांना लागणारा वेळ वेगळा, ही जाणीव त्या परंपरेत पक्की होती. आजचा प्रवासी मात्र तिन्ही क्षेत्रे दोन दिवसांत बसवू पाहतो, आणि ओढाताण तेथेच सुरू होते.

प्रयागराज वाराणसीपासून सुमारे १२५ किलोमीटरवर आहे. पहाटे निघून संगमस्नान करून रात्री परतता येते, पण वृद्धांसाठी तो दिवस थकवणारा ठरतो. मुंबईहून येणाऱ्या अनेक गाड्या प्रयागराज किंवा त्याच्या उपनगरी स्थानकांवरूनच वाराणसीकडे जातात. त्यामुळे जाताना प्रयागराजला उतरून एक रात्र राहणे आणि दुसऱ्या दिवशी वाराणसी गाठणे हा अधिक शांत मार्ग आहे. माघ मेळ्याच्या काळात मात्र हा बेत टाळावा किंवा निवास आधीच निश्चित करावा. १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ या महाकुंभाच्या काळात प्रयागराजची गर्दी वाराणसी आणि अयोध्येपर्यंत पसरली होती, हे ताजे उदाहरण आहे.

अयोध्या दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. एका दिवसात जाऊन येणे शक्य असले तरी जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी ते कदापि करू नये. ज्यांना अयोध्येला जायचेच आहे, त्यांनी प्रवासाची सुरुवात अयोध्येपासून करावी आणि शेवटचे दोन दिवस काशीसाठी ठेवावेत. लखनौबाबतही हेच म्हणता येईल.

गयेचे गणित वेगळे आहे. वाराणसीहून ती सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, तर पाटण्याहून शंभरेक किलोमीटर. सफर पाटण्यात संपणारी असेल, तर वाढीव दिवस पाटण्यानंतर गया, बोधगया, राजगीर आणि नालंदा यांना देणे सर्वांत सुसंगत. काशी मुख्यतः पाहिलेली असेल आणि पिंडदान हाच हेतू असेल, तर येथे काशीऐवजी गयेचीच निवड योग्य ठरते.

सफर कोलकात्याहून वाराणसीकडे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध असेल, तर क्रम उलटा होतो. राखीव दिवस कोलकात्यात आणि मुक्कामाचे दिवस सफरीनंतर काशीत. या क्रमाचा एक लाभ असा, की काशीत जहाजाच्या घड्याळाचे दडपण उरत नाही. श्राद्ध, अस्थिविसर्जन यांसारखे विधी करावयाचे असतील त्यांना हा क्रम अधिक मानवतो. खाली जाणाऱ्या सफरीत असे विधी जहाज सुटण्याच्या किमान एक पूर्ण दिवस आधी आटोपलेले असावेत. घाईत उरकलेल्या विधीची रुखरुख पुढे दहा दिवस जहाजावर सोबत येते.

काशीतील तीन दिवसांची आखणी

समजा, सोलापूरचे एक कुटुंब वाराणसीहून खाली निघणार आहे आणि त्याच्याकडे वाढीव चार दिवस आहेत. त्यापैकी तीन रात्री काशीला आणि एक कोलकात्याला, अशी वाटणी करता येईल. पहिला दिवस राखीव. गाडी वेळेवर आली तर विश्रांती, उशिरा आली तरी नुकसान नाही. गाडी नेमक्या कोणत्या स्थानकावर पोहोचते, हे मात्र तिकिटावर पाहून घ्यावे. शहराचे मुख्य स्थानक वाराणसी जंक्शन, ज्याला स्थानिक लोक कॅन्ट म्हणतात. पूर्वीचे मंडुआडीह २०२१ पासून ‘बनारस’ झाले आहे. याशिवाय ‘काशी’ आणि ‘वाराणसी सिटी’ ही स्थानके आहेत. काही गाड्या नदीपलीकडील पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे पूर्वीच्या मुगलसराय, येथेच थांबून पुढे जातात.

दुसऱ्या दिवशी पहाटे नौकेतून घाटदर्शन आणि त्यानंतर काशी विश्वनाथ मंदिर. १३ डिसेंबर २०२१ रोजी मंदिर परिसराच्या विस्तारित धामाचे उद्घाटन झाल्यापासून गंगेकडूनही मंदिराकडे जाता येते. मंदिरात भ्रमणध्वनी नेता येत नाही, त्यामुळे तो निवासस्थानीच ठेवणे सोयीचे. दुपार विश्रांतीला आणि संध्याकाळ दशाश्वमेध घाटावरील आरतीला द्यावी.

तिसरा दिवस सारनाथसाठी. शहरापासून सुमारे १० किलोमीटरवरील या स्थळी गौतम बुद्धांनी पहिला उपदेश केला. भारताच्या राजमुद्रेचा आधार असलेला अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष तेथील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. अनेक कुटुंबे नेमकी शुक्रवारी तेथे पोहोचून स्तूप पाहून परततात. सफरीच्या कार्यक्रमात सारनाथ आधीच असेल, तर हा दिवस मराठी काशीसाठी वापरावा.

ती काशी घाटाघाटांवर उभी आहे. सध्याचे विश्वनाथ मंदिर पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७८० च्या सुमारास उभारले. त्यांच्या नावाचा घाट दशाश्वमेधाच्या नजीक आहे. अन्नपूर्णा मंदिराशी पहिल्या बाजीरावांच्या काळाचे नाते सांगितले जाते. नागपूरकर भोसल्यांचा घाट, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा घाट आणि त्याला लागून पाण्यात कललेले रत्नेश्वर मंदिर एकाच फेरीत दिसते. पंचगंगा घाटावरील बिंदुमाधवाचे सध्याचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्याशी निगडित आहे. त्या भागातील ब्रह्माघाट, दुर्गाघाट ही मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीची ठिकाणे. दक्षिणेकडे अस्सीजवळ भदैनी येथे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचे जन्मस्थान स्मारकरूपाने जपले आहे. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केली. सफरीच्या मार्गदर्शकाकडून यातील फारच थोडे ऐकायला मिळते, कारण त्याचा श्रोतृवर्ग बहुधा परदेशी असतो. मराठी वाचकाला काशीत एक दिवस वाढवण्याचे हे आणखी एक कारण.

राहावे कोठे?

पहिले आणि शेवटचे निवासस्थान एकच असावे, असा नियम नाही. घाटालगतच्या निवासाचे आकर्षण मोठे असले तरी गोदौलियाच्या आतल्या गल्ल्यांत मोटार जात नाही. सामान माणसाच्या खांद्यावर किंवा हातगाडीवर न्यावे लागते आणि घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना अस्सीच्या बाजूस राहणे सोपे जाते. तेथे वाहन घाटाच्या बऱ्याच जवळ येते, पहाटेचा ‘सुबह-ए-बनारस’ हा कार्यक्रमही तेथेच होतो आणि रविदास घाट जवळ पडतो. कॅन्टोन्मेंट भागातील मोठी हॉटेले स्थानकाला आणि विमानतळाच्या रस्त्याला जवळ, पण घाटांपासून दूर. जहाज रामनगरच्या बाजूने सुटणार असेल, तर आदल्या रात्रीच पुलापर्यंतच्या रस्त्याचा आणि वाहनाचा बंदोबस्त करावा.

ऋतूप्रमाणे निर्णय बदलतो

पावसाळ्यात काशी वेगळीच असते. राजघाट येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली जाते. पाणी चढू लागले की घाटांचा परस्पर संपर्क तुटतो, नौकांना बंदी होते, आरती वरच्या पायऱ्यांवर किंवा छतावर होते आणि अंत्यसंस्कारांची जागाही वर सरकते. पूर ओसरल्यावर घाटांवरचा गाळ हटवायला काही आठवडे लागतात. या काळात जहाजासाठी पाणी भरपूर असते, परंतु घाट चालत पाहता येत नाहीत. अशा वेळी काशीत दोन रात्री पुरेत आणि उरलेला दिवस कोलकात्याला द्यावा.

कार्तिक पौर्णिमेच्या देवदीपावलीला घाटांवर लाखो पणत्या लागतात. त्या दिवशी निवास आणि नौका दोन्ही कित्येक महिने आधी भरतात, दरही चढतात. ज्यांना तो सोहळा पाहायचा नाही, त्यांनी पौर्णिमेच्या मागचे-पुढचे दोन दिवस सोडून आखणी केल्यास तीच नगरी निम्म्या त्रासात पाहता येते. महाशिवरात्र आणि श्रावणातील सोमवार यांनाही हेच लागू आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवसभर प्रवास केलेल्या वृद्धांना पहाटेची थंडी बाधते. नौकाविहार सूर्य वर आल्यावर केला तरी चालतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ हवेच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा. पाण्याची पातळी मात्र तेव्हा उतरू लागलेली असते, याची जाणीव ठेवावी.

परदेशातून येणाऱ्या नातलगांसाठी

अनेक कुटुंबांत आई-वडील महाराष्ट्रातून आणि मुले परदेशातून येऊन वाराणसीत भेटतात. अशा वेळी वाढीव दिवस चढण्याच्या शहरात ठेवण्याला दुहेरी अर्थ आहे. लांबच्या विमानप्रवासाचा शीण उतरतो आणि हरवलेले सामान मागून पोहोचायलाही अवधी मिळतो. सफर बांगलादेशातून जाणारी असेल, तर भारतीय नागरिकांनाही पारपत्र आणि त्या देशाचा व्हिसा लागतो. परकीय पारपत्रधारकांना भारतात पुन्हा प्रवेश करता येईल असा, म्हणजे एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा आवश्यक ठरतो. ज्यांच्याकडे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे ओसीआय पत्र आहे, त्यांना ही अडचण येत नाही. वाराणसी ते कोलकाता एवढीच सफर असेल, तर सारा मार्ग भारतातच आहे.

पैसे भरण्यापूर्वी

आरक्षणाचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी सफर कंपनीकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. जहाज नेमके कोणत्या घाटावरून किंवा टर्मिनलवरून सुटणार, ते ठिकाण बदलल्यास किती आधी कळवणार, पाणी कमी पडल्यास कोणता टप्पा रस्त्याने करणार, तसे झाल्यास पैशांचा काही भाग परत मिळणार की नाही, आणि वाराणसीतील कोणती स्थळे सफरीच्या दरातच समाविष्ट आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्याशिवाय शहरातील मुक्कामाचा कार्यक्रम आखू नये. निवासाचे आरक्षण करताना एक दिवस पुढे-मागे करता येईल असा दर निवडावा, मग तो थोडा महाग असला तरी चालेल.

घरातील ज्येष्ठांच्या दृष्टीने या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांसाठी काशीची ही पहिली आणि कदाचित शेवटचीच खेप असते. ‘काशीस जावे, नित्य वदावे’ असे म्हणत त्यांनी ती वर्षानुवर्षे पुढे ढकललेली असते. जहाजावरील दिवस कंपनी आखते, त्यात बदल करणे प्रवाशाच्या हाती नसते. आखण्याची मोकळीक असते ती या वाढीव तीन-चार दिवसांपुरतीच. ते दिवस चार शहरांत वाटून टाकण्यापेक्षा एका ठिकाणी राखले, पहिला दिवस रिकामा ठेवला आणि ज्येष्ठांना त्यांच्या गतीने घाट उतरू दिला, तर जहाजाचा भोंगा वाजेल तेव्हा काशी पाहायची राहून गेली, असे कोणाला म्हणावे लागणार नाही.